पूर्व भागातले पर्सेंटाइल

एमएचटी-सीईटीचा, म्हणजे बारावीनंतर इंजिनिअरिंगसारख्या अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी राज्य जी सामाईक परीक्षा घेतं तिचा, निकाल लागला की आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात दोन प्रकारची घरं दिसतात. एका घरात आकडा ऐकून पेढे येतात आणि पुढे काय करायचं ते कुणालाच ठाऊक नसतं. दुसऱ्या घरात आकडा ऐकून पोरगी रडत बसते आणि पुढे काय करायचं ते तिथंही कुणाला ठाऊक नसतं. आकडा मात्र बऱ्याचदा दोन्हीकडे जवळजवळ सारखाच असतो.

मी इथल्याच एका कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, काहींच्या घरी कन्नड, काहींच्या उर्दू. दहावीपर्यंत शाळा मराठीतून आणि अकरावी सायन्सला आलं की सगळी पुस्तकं एकदम इंग्रजीत. वडील यंत्रमागावर नाहीतर टॉवेलच्या कारखान्यात, आई घरी मांडीवर सूप घेऊन बिड्या वळते. ही मुलं हुशार आहेत असं मी म्हणते ते पाठीवर थाप म्हणून नाही. आईच्या मजुरीचा आठवड्याचा हिशेब सातवीपासून तोंडी करणारी मुलगी वर्गमूळ काढायला कॅल्क्युलेटर शोधत नाही, हे मी रोज बघते.

या परीक्षेत झाकलेलं असं काही नाही. राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या संकेतस्थळावर माहितीपुस्तिका फुकट मिळते, अभ्यासक्रम मिळतो, मागच्या वर्षीच्या कटऑफच्या, म्हणजे कुठल्या कॉलेजात कितव्या क्रमांकापर्यंत प्रवेश मिळाला त्याच्या, याद्या मिळतात. पण कागद समोर असणं वेगळं आणि तो उमगणं वेगळं. काही घरांत हे अंतर पुण्याला नोकरी करणारा एखादा मामा भरून काढतो. एका फोनवर तो सगळं सांगतो: अकरावी सोडू नकोस, अमुक दाखला आत्ताच काढ, पसंतीच्या यादीत अमुक कॉलेज वर टाक. ज्या घरात असा मामा नाही, तिथं हे काम कुणाचंच नसतं. शाळा म्हणते आम्ही विषय शिकवतो, क्लासवाले म्हणतात आम्ही गुण वाढवतो, शासन म्हणतं माहिती वेबसाइटवर आहे. परीक्षा समजणं हा परीक्षेचाच अर्धा भाग आहे आणि तो शिकवणं आम्हा कॉलेजातल्या शिक्षकांचं काम आहे, असं माझं ठाम मत आहे. म्हणून हा लेख.

आधी पेपर. पीसीएम गटाला फिजिक्सचे ५० आणि केमिस्ट्रीचे ५० प्रश्न, प्रत्येकी एक गुण, दोन्हींना मिळून ९० मिनिटं. मग गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, पुन्हा ९० मिनिटं. एकूण २०० गुण. पीसीबीला गणिताच्या जागी बायोलॉजीचे १०० प्रश्न. चार पर्याय, एक बरोबर, आणि चुकलं तर गुण कापत नाहीत. ही शेवटची गोष्ट इतकी साधी आहे, तरी दर वर्षी मुलं प्रश्न कोरे ठेवून येतात. का, तर जेईई मेन या देशपातळीवरच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेत चुकीला एक गुण वजा होतो, ते कुठंतरी ऐकलेलं असतं. दोन परीक्षांचे नियम डोक्यात मिसळतात आणि हाताशी आलेले गुण तिथंच राहतात.

भागाकार करून बघा. शंभर प्रश्नांना ९० मिनिटं म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. गणिताच्या एका प्रश्नाला १०८ सेकंद. बोर्डाच्या परीक्षेत आम्हीच मुलांना सांगत आलो की पायऱ्या लिहा, सूत्र लिहा, उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे गुण मिळतील. इथं पायरीला गुण नाही. एक उदाहरण देते. एका संकलनाला (इंटिग्रेशनला) उणे दोनपासून दोनपर्यंत मर्यादा आहेत आणि आत एक्सचा पाचवा घात गुणिले कोसाइन एक्स आहे. बोर्डाची सवय लागलेलं पोर लगेच खंडशः संकलन करायला घेतं. पाच वेळा तेच करावं लागतं, कच्च्या कामाचं अख्खं पान भरतं आणि चार मिनिटं जातात. ज्याला दिसतं की हे विषम फलन आहे, म्हणजे शून्याच्या एका बाजूला जेवढं अधिक तेवढंच दुसऱ्या बाजूला उणे, आणि मर्यादा शून्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या आहेत, तो शून्याचा पर्याय निवडून पाच सेकंदांत पुढे जातो. मला विचाराल तर हे दिसणं हेही खरं गणितच आहे, कदाचित जास्त खरं. सममिती ओळखता येणं ही समज आहे. पण त्याच नावाखाली 'शॉर्टकट ट्रिक्स'च्या ज्या झेरॉक्स फिरतात, त्यातलं निम्मं पाठ करून विसरायचं असतं. समज आणि ट्रिक यातला फरक मुलांना दाखवायचा असेल तर तो अकरावीपासून फळ्यावर दाखवावा लागतो. शेवटच्या महिन्यात ते होत नाही.

अकरावीचं तर वेगळंच दुखणं आहे. पेपरात साधारण ८० टक्के भार बारावीचा आणि २० टक्के अकरावीचा असतो. म्हणजे पन्नासातले दहा प्रश्न अकरावीचे, तेही ठरावीक प्रकरणांवर. आमच्याकडे अकरावी म्हणजे दहावीचा शीण घालवायचं वर्ष, असं घरोघरी धरून चालतात. दहावीला नव्वदच्या पुढे गेलेली मुलगी अकरावीला दिवाळीपर्यंत सणवार आणि पाहुण्यांत अडकते, जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत रमते, आणि मग बारावी येते. गणितातले दहा प्रश्न म्हणजे वीस गुण असतात. ते गेल्याचं कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

भाषेचंही सांगते, कारण ते माझ्या विषयाचं आहे. फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजीचे प्रश्न इंग्रजीबरोबर मराठी आणि उर्दूतूनही मिळतात, गणिताचे मात्र फक्त इंग्रजीतून. मराठीचा पर्याय आहे हे ऐकून पालक खूश होतात. पण दोन वर्षं ज्या संज्ञा इंग्रजीत वाचल्या त्या ऐनवेळी मराठीत समोर आल्या तर मुलं अडखळतात. त्यामुळे हा निर्णय अर्ज भरताना घाईत घेऊ नये, आधी एखादी सराव चाचणी दोन्ही भाषांत सोडवून बघावी. गणितात आकडेमोडीत मुलं अडत नाहीत. ती लांबलचक इंग्रजी वाक्यात अडतात, विशेषतः संभाव्यतेच्या प्रकरणात. त्यावर मी एकच उपाय करते. वर्गात प्रश्न मोठ्याने वाचायला लावते आणि काय विचारलंय ते त्यांच्या घरच्या भाषेत सांगायला लावते, तेलुगू तर तेलुगू. एकदा सांगता आलं की पुढचं गणित त्यांना येतंच.

आता पर्सेंटाइल. इथं मी जरा थांबणार आहे, कारण सगळा घोळ इथंच होतो.

माझी एक विद्यार्थिनी उत्तरतालिका आली त्या दिवशी वही घेऊन घरी आली. स्वतःची उत्तरं ताडून तिनं गुण मोजले होते: २०० पैकी १०४. चेहरा पार उतरलेला. दहावीला ९१ टक्के मिळवलेल्या मुलीला बावन्न टक्के म्हणजे नापास झाल्यासारखंच वाटत होतं. तिच्यासोबत तिची आई होती. आई म्हणाली, "मॅडम, हिला छाटलं की काय? आमच्या बिड्या छाटतात तसलंच की हे?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: वळलेल्या बिड्या कारखान्यात जमा करताना तपासनीस हातात बिड्यांचा कट्टा, म्हणजे जुडी, घेतो. वाकडी, सैल, पान फाटलेली बिडी दिसली की बाजूला काढतो. ती छाट. तिची मजुरी नाही, आणि पान-तंबाखू मात्र हिशेबात धरलेलं. बिडी वळणाऱ्या बाईला छाट म्हणजे काय ते कुणी शिकवावं लागत नाही. आईनं विचारलेला प्रश्न अगदी नेमका होता आणि त्याचं उत्तर 'नाही' असं होतं. छाटीत तपासनीस प्रत्येक बिडी एका ठरलेल्या मापाशी ताडून बघतो, आणि सगळ्या बिड्या नीट असतील तर छाट शून्य निघते. सीईटीत असं ठरलेलं माप नाही. इथं कुणी वाईट म्हणून बाहेर पडत नाही. जागा थोड्या आहेत, मुलं जास्त आहेत, म्हणून सगळ्यांना एका रांगेत उभं केलंय. तुमच्या मागे किती जण उभे आहेत एवढंच पर्सेंटाइल सांगतं.

मी वहीच्या मागच्या पानावर तिला लिहून दाखवलं. समजा, तुझ्या सत्रात १०,००० मुलं बसली. त्यांतल्या ९,३४० जणांना तुझ्याइतके किंवा तुझ्यापेक्षा कमी गुण मिळाले. ९,३४० भागिले १०,०००, गुणिले १००. उत्तर ९३.४. पेपर अवघड निघाला की सगळ्यांचेच गुण घसरतात, त्यामुळे दोनशेतल्या १०४ गुणांनाही रांगेत बऱ्यापैकी पुढची जागा मिळू शकते. पेपर सोपा असता तर १३० गुणांनाही कदाचित तीच जागा मिळाली असती. गुण आणि जागा या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

निकाल लागला तेव्हा तिला ९३ च्या वर पर्सेंटाइल मिळाले. आता घरात उलटंच वारं सुटलं. शेजारपाजारी "त्र्याण्णव टक्के पडले" म्हणून सांगून झालं, पुण्याच्या सगळ्यात मोठ्या सरकारी कॉलेजात नंबर लागणार असं गृहीत धरून झालं. मला पुन्हा वही काढावी लागली. ९३.४ म्हणजे शंभरातली साडेसहाहून थोडी जास्त मुलं तुझ्या पुढे. पण शंभरच मुलं बसलेली नाहीत. पीसीएमला मुलं लाखांनी बसतात. समजा चार लाख बसली, तर ६.६ टक्क्यांच्या हिशेबानं सव्वीस हजारांहून जास्त मुलं तुझ्या पुढे उभी आहेत. हे ऐकून ती गप्प झाली, पण रडली नाही. रांग डोळ्यांसमोर आली की माणूस घाबरत नाही, मोजायला लागतो.

परीक्षा २०१९ पासून संगणकावर होते आणि एकाच दिवशी सगळ्यांची होत नाही. कित्येक दिवस सकाळ-दुपार अशी सत्रं चालतात आणि प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा असतो. कुणाला सोपा मिळतो, कुणाला अवघड. म्हणून प्रत्येकाची तुलना त्याच्याच सत्रातल्या मुलांशी करतात आणि मग सगळी सत्रं एकत्र आणतात. प्रत्येक सत्रात पहिला येणाऱ्याला शंभर पर्सेंटाइल मिळतात, मग त्याचे गुण १९० असोत की १९८. म्हणूनच शंभर पर्सेंटाइलवाले एकाहून अधिक दिसतात आणि लोक पेपर फुटल्याच्या गोष्टी रचतात. दशांशचिन्हानंतर सात आकडे छापतात तेही यासाठीच, की दोन मुलं एकाच जागेवर येऊ नयेत. आणखी एक गोष्ट पालकांना पटत नाही. फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित या तिघांच्या पर्सेंटाइलची सरासरी काढली तर एकूण पर्सेंटाइल येत नाही. एकूण गुणांवर रांग पुन्हा नव्याने लागते. तिन्ही विषयांत मध्यम असलेलं मूल एकूणात पुढे निघू शकतं, कारण एकाच विषयात चमकलेली कितीतरी मुलं दुसऱ्या विषयात मागे पडलेली असतात.

ही पद्धत निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. सकाळच्या सत्रातली मुलं आणि दुपारच्या सत्रातली मुलं सरासरीनं सारखीच हुशार असतात हे त्यात गृहीत धरलेलं आहे. संख्या मोठी असली की ते बहुतांशी खरं ठरतं, म्हणून हा हिशेब मला मान्य आहे. पण यंत्रणा चुकते तेव्हा मुलांना किंमत मोजावी लागते. २०२५ साली २७ एप्रिलच्या सकाळच्या सत्रात गणिताच्या तब्बल २१ प्रश्नांत चुका निघाल्या आणि त्या सत्रातल्या मुलांची परीक्षा ५ मे रोजी पुन्हा घ्यावी लागली. पन्नासातले एकवीस प्रश्न! ज्या मुलीनं सोलापूरच्या एप्रिलमधल्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत बस बदलून केंद्र गाठलं, चुकीच्या प्रश्नांशी झगडत ९० मिनिटं काढली, तिला पुन्हा बोलावणं हा न्याय खरा, पण दमवणारा न्याय. अशा वेळी तक्रार कुठं करायची, हरकत कशी नोंदवायची, त्याचं शुल्क किती, हे ठाऊक असलेली मुलंच हरकत घेतात. बाकीची आपलंच काहीतरी चुकलं असेल म्हणून गप्प बसतात. माझी मुलं या दुसऱ्या गटातली असतात, याचा मला राग येतो.

मग अशी परीक्षा हवीच कशाला, बारावीच्या गुणांवर प्रवेश द्या की, असं दर वर्षी कुणीतरी म्हणतं. एके काळी तसंच होतं. पण बोर्डं वेगळी, तपासणारे हात वेगळे, एका बोर्डाचे नव्वद दुसऱ्याच्या ऐंशीबरोबर, त्यामुळे सामाईक परीक्षा आली. मध्येच २०१४ आणि २०१५ ला राज्यानं इंजिनिअरिंगसाठी स्वतःची सीईटी बाजूला ठेवून जेईई मेनचे निम्मे आणि बारावीचे निम्मे गुण धरले. जेईईचा अभ्यासक्रम आमच्या मुलांना परका होता. २०१६ ला पुन्हा सीईटी आली. आज प्रवेशाची रांग सीईटीवरच लागते, बारावीचे गुण फक्त पात्रतेपुरते: संबंधित विषयांत खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, राखीव प्रवर्गांना ४०. हे ऐकून मुलं बारावी सोडून देतात. ते मला अजिबात आवडत नाही. बारावीचं पुस्तक हाच सीईटीच्या अभ्यासक्रमाचा मोठा भाग आहे.

या सगळ्या परीक्षांची थोरली बहीण म्हणजे अमेरिकेतली कॉलेज प्रवेशाची परीक्षा, एसएटी. ती पहिल्यांदा २३ जून १९२६ ला झाली, आठ हजारांच्या आसपास मुलं बसली. ती तयार करण्यात पुढाकार होता कार्ल ब्रिगम या मानसशास्त्रज्ञाचा. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या ज्या बुद्धिचाचण्या झाल्या त्यांवर त्यानं काम केलं होतं आणि त्या आकड्यांवरून कुठल्या वंशाची माणसं किती हुशार, असले निष्कर्ष काढले होते. १९३० साली त्यानं स्वतःच ते निष्कर्ष मागे घेतले. पुढे त्याच परीक्षेच्या आधारानं हार्वर्डनं दूरदूरच्या गावांतल्या साध्या घरांतल्या मुलांना शिष्यवृत्त्या देऊन बोलावलं. एकाच कागदानं दार उघडलंही आणि बंदही केलं. मला या इतिहासातलं एक फार मोलाचं वाटतं. ज्यानं परीक्षा बनवली त्याला ती माणसाची अंगभूत बुद्धी मोजते असं वाटत होतं, आणि शेवटी त्यालाच कबूल करावं लागलं की ती घर, भाषा, शाळा सगळं एकत्रच मोजते. आमच्या पूर्व भागात हे समजायला शंभर वर्षं लागायची गरज नाही. ज्या घरात काही दिवसांआड येणाऱ्या पाण्यासाठी रात्री उठावं लागतं, त्या घरातलं पोर दुसऱ्या दिवशी सराव चाचणीला कसं बसतं ते विचारा.

क्लासचं फार लिहीत नाही. ज्यांना परवडतं ते लातूरला जातात, तिथल्या पॅटर्नचं नाव मोठं आहे आणि मेहनतही खरी आहे. पण डॉक्टर व्हायचंच नाही अशा मुलीला केवळ शेजारी गेला म्हणून नीटच्या बॅचमध्ये बसवणं, किंवा राज्यातल्या कॉलेजात जायचं असताना दोन वर्षं आयआयटीसाठीच्या जेईई अ‍ॅडव्हान्स्डच्या नावानं फी भरणं, यात घरं कर्जात जातात. कुठं जायचंय ते आधी ठरवा. मग परीक्षा ठरेल, मग क्लास लागतो का ते बघा.

खरी शाळा सुरू होते ती निकालानंतर, कॅप राउंडला. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया. मुलगी आपल्या आवडीनं कॉलेज आणि शाखा क्रमानं भरते, तीनशेपर्यंत पर्याय देता येतात. संगणक गुणवत्ता क्रमांकानुसार एकेका मुलाकडे येतो आणि त्याच्या यादीतला वरून पहिला जो पर्याय त्याच्यासाठी शिल्लक असेल तो देतो. एवढंच. पालकांना एक भीती असते. वरचं कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकलं आणि ते नाही मिळालं, तर खालचंही हातचं जाईल. तसं होत नाही. मिळत नसलेला पर्याय वर ठेवल्यानं काहीही बिघडत नाही. बिघडतं ते उलट केल्यानं: 'हे तर नक्की मिळेल' म्हणून जे नको आहे ते वर टाकलं की तेच गळ्यात पडतं. आणि पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो, पुढच्या फेऱ्यांत चांगल्याची वाट बघता येत नाही. म्हणून पहिल्या ओळीत तेच लिहा, जे मिळालं तर रात्री झोप लागेल.

कटऑफची यादी वाचायलाही शिकावं लागतं. कॉलेजच्या नावाखाली 'जीओपनएच', 'एलओपनएच' असली अक्षरं असतात. आधीचं जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठीची जागा, मधे प्रवर्ग, आणि शेवटचं एच म्हणजे आपल्याच विद्यापीठ क्षेत्रातल्या मुलांची जागा, ओ म्हणजे बाहेरच्यांची, एस म्हणजे राज्यभरातल्या सगळ्यांची. खाली गुणवत्ता क्रमांक आणि त्याखाली कंसात पर्सेंटाइल. माझी विद्यार्थिनी इतके दिवस फक्त 'जीओपन'चे रकाने बघून हताश होत होती. 'एल'चा रकाना तिच्यासाठी आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तो दाखवल्यावर ती तासभर मोबाइलवर ती यादी खाली-वर करत होती आणि वहीत पेन्सिलीनं नावं लिहीत होती.

कागदपत्रांबद्दल कळकळीनं सांगते. जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेयर, अधिवास, उत्पन्नाचा दाखला. हे जूनमध्ये धावपळ करून निघत नाहीत, तेव्हा सेतू केंद्राबाहेर पाय ठेवायला जागा नसते. बारावीच्या दिवाळीच्या सुट्टीत अर्ज करा. नॉन-क्रीमीलेयर आणि उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत कुठपर्यंत आहे ते बघा, जुना दाखला चालेल असं धरू नका. एका कागदापायी राखीव प्रवर्गातली मुलगी खुल्या प्रवर्गात ढकलली जाते, आणि मग रांगेतली तिची जागा आणि फी दोन्ही बदलतात.

फीचं तर ऐकाच. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. शिवाय टीएफडब्ल्यूएस नावाच्या जागा असतात. त्यांत आठ लाखांखालच्या कुठल्याही प्रवर्गातल्या मुलाला शिक्षण शुल्क लागत नाही, पण पर्यायांच्या यादीत त्या वेगळ्या भराव्या लागतात. अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांसाठीच्या सवलती निराळ्या आहेत. 'इंजिनिअरिंग म्हणजे लाखाची फी' एवढंच ऐकून कितीतरी आया मुलीला बीएस्सीला घालतात. बीएस्सी वाईट नाही, मी स्वतः बीएस्सीच केलंय. पण फी माहीत नसल्यामुळे घेतलेला निर्णय हा निर्णय नव्हे.

तर त्या मुलीचं काय झालं? तिच्या आकड्यावर दोन वाटा दिसत होत्या. पुण्यात तिला नको असलेली शाखा, किंवा सोलापुरात हवी असलेली कॉम्प्युटरची शाखा. सोलापुरात म्हणजे घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. अशोक चौकातलं वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी १९८३ पासून तिथं उभं आहे, आणि आमच्या भागातली मुलं लहानपणापासून त्याच्या फाटकावरून सायकली मारतात. तिला मात्र पुण्याचं वेड होतं. सकाळी हुतात्मा एक्स्प्रेसनं जायचं, हॉस्टेल, नवं गाव. मी तिला पुण्याला जाऊ नकोस असं म्हटलं नाही. खर्चाचा हिशेब तिच्याकडूनच मांडून घेतला: हॉस्टेल, मेस, जाणं-येणं, आणि वसतिगृहाच्या निर्वाह भत्त्याच्या योजनेतून काय परत मिळू शकतं. मग विचारलं, चार वर्षं रोज कुठला विषय वाचायला आवडेल? ती म्हणाली, "मॅडम, कोडिंगच." आई मधेच म्हणाली, "पुण्याला गेली तरी चालतंय मला. फक्त हिनं म्हणायचं नाही की आईनं अडवलं." या बाईनं बिड्या वळून मुलीला इथवर आणलं, आणि निर्णयाची वेळ आली तेव्हा हात मागे घेतला. मोठ्या शिकलेल्या घरांतही मी हे फार कमी पाहिलंय.

तिनं पर्यायांच्या वहीत पहिल्या चार ओळी पुण्यातल्या कॉम्प्युटरच्या लिहिल्या, मिळणार नाहीत हे माहीत असूनही. पाचवी ओळ सोलापूरची. पहिल्या फेरीत पाचवी मिळाली, दुसऱ्या फेरीतही तीच राहिली आणि तिनं ती घेतली.

यंदापासून आम्ही कॉलेजात एक गोष्ट सुरू करतोय. अकरावीचे वर्ग भरले की पहिल्या महिन्यातच पालकांची बैठक, तीही संध्याकाळी, माग आणि कारखाने सुटल्यावर. बारावीत नाही, अकरावीतच. पेपर कसा असतो, रांग कशी लागते, कुठला दाखला कधी काढायचा, कटऑफची यादी कशी वाचायची. यादी मोठ्या अक्षरात छापून भिंतीवर लावणार आहोत, म्हणजे मोबाइल नसलेल्या आईलाही बोट ठेवून विचारता येईल. तेलुगू आणि कन्नडमधून सांगणारे माजी विद्यार्थी मिळाले आहेत, उर्दूसाठी अजून कुणी नाही. सोलापुरात असाल, दोन तास देऊ शकत असाल, तर कळवा. आणि दुसऱ्या कॉलेजात शिकवत असाल तर आमच्या याद्या, तक्ते सगळं घेऊन जा, नावसुद्धा लिहू नका.